उपरण्याची गाठ

आमच्या घरमालकांना सगळं आधीच ठाऊक असायचं. फक्त ते सांगायचे नंतर.

वळीव बरसून गेला, वावटळीनं कुणाच्या गोठ्याचे पत्रे उडवले, ओढ्याला लोंढा येऊन गेला, की हे सावकाश चावडीवर यायचे. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पुढं धरायचे. त्या टोकाला एक गाठ मारलेली असायची. ती चार माणसांना नीट दिसेल अशी फिरवायचे आणि म्हणायचे, "सकाळीच मारली ही. मला ठाऊक होतं." मग ती गाठ सर्वांसमक्ष सोडायची, टोक झटकायचं आणि घरी जायचं. गावाला वाटायचं, काय माणूस आहे! मला वाटायचं, काय माणूस आहे. शब्द तेच, पण माझ्या तोंडी त्यांची चव वेगळी होती.

तो काळ निजामाच्या राज्याचा. तालिमात म्हणजे शिक्षण खात्यानं मला टेंभुर्णीच्या पलीकडं, पूर्णेकाठच्या एका गावी शाळेवर टाकलं होतं. कागदोपत्री मी मुदर्रिस, गावात मास्तर. गावात भाड्यानं खोली द्यावी अशी ऐपत एकाच घराची, म्हणून हे माझे घरमालक. गावही त्यांना मालकच म्हणायचं, कारण नदीकाठची बरीचशी काळी जमीन त्यांची होती.

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तो नखशिखांत भिजून. वाटेत पावसानं गाठलं होतं. ट्रंकेतून पाणी गळत होतं आणि माझ्या पायाशी थारोळं झालं होतं. मालक ओसरीवर बसले होते. लांब नाक, पिकलेल्या मिशा, उपरणं घडी मोडू न देता खांद्यावर टाकलेलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"भिजून येणार तुमी, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

ठाऊक होतं तर एक पोतं तरी घेऊन गडी वाटेवर धाडायचा होता. पण हे मी मनात म्हणालो. खोली हवी होती ना.

आता, खोटं कशाला बोला, ह्या माणसाला कळत होतं. तेच तर माझं दुखणं आहे. निव्वळ थापाड्या असता तर मी त्याला हसून विसरून गेलो असतो. देवळीत एका मातीच्या परळात खडेमीठ ठेवलेलं असायचं. सकाळी उठले की आधी त्यात अंगठा दाबायचे आणि अंगठ्याला ओल किती लागली ते बघायचे. मग भिंतीच्या कडेला उकिडवं बसून मुंग्यांची रांग बघायचे. त्या अंडी तोंडात धरून वर चढत असल्या की मालक हुंकार भरायचे. मग नदीवर. वाहत्या पाण्यात हात घालायचे, बोटांत पाणी चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि शेवटी जिभेला लावायचे. वैद्यानं नाडी बघावी तसा चेहरा करून हे सगळं चालायचं. बायका घागरी भरायच्या थांबायच्या.

एकदा मला त्यांनी स्वतः होऊन शिकवलं. आम्ही दोघंच काठावर होतो.

"मास्तर, नदी एकदम येत न्हाई. आधी सांगावा धाडती. पयला फेस येतो, असा रेघारेघांचा. त्याच्या मागं काटक्या, पालापाचोळा, शेणकुटं. पाणी जराजरा गढूळ व्हाया लागतं. वारा नसताना गारवा लागतो, ओल्या मातीचा वास येतो. हे दिसलं की पात्रात बिलकुल थांबायचं न्हाई. गाठोडं बी घ्यायचं न्हाई."

"आणि आभाळ साफ असलं तर?" मी विचारलं.

"तिथंच तर लोक भुलतेत. आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतेत. नदीचं डोकं तिकडं हाय, अजिंठ्याच्या डोंगरात. तिकडं आभाळ फाटलं की हितं उन्हात पूर येतो."

मी थक्क झालो. हे त्यांनी शाळेत येऊन पोरांना सांगावं असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या देवघरातले देव मागितले.

"न्हाई न्हाई. असं समद्याला सांगायचं नसतं. तुमी बी कुठं बोलू नका."

तर असं हे ज्ञान. कडीकुलपात ठेवलेलं आणि उपयोग संपला की बाहेर काढलेलं.

एकदा तहसीलदारसाहेब सकाळीच दौऱ्यावर आले. नदी उतरून पलीकडच्या गावी जायचं होतं, आभाळ भरून आलं होतं. कुणीतरी सांगितलं, हुजूर, पावसातलं आमच्या मालकांना कळतं. साहेबांनी घोड्यावरूनच विचारलं, "क्यूं पटेल, बारिश होगी?" मालकांनी आभाळाकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "हो बी सकती हुजूर, नै बी हो सकती." साहेब खूश झाले. मोठ्या अधिकाऱ्यांना असली उत्तरं फार समजतात, कारण त्यांची स्वतःचीही अशीच असतात. साहेब गेले आणि मालकांनी पाठ वळवून उपरण्याला गाठ मारली. त्या दिवशी पाऊस आला नाही, म्हणून ती गाठ मला पुन्हा दिसली नाही.

पुन्हा दिसली ती गारांच्या वेळी. हरभरा काढणीला आला होता. काहींनी उपटून रचला होता, बाकीच्यांचा उभा होता. दुपारी उत्तरेकडून पिवळट ढग आला आणि लिंबाएवढ्या गारांनी अख्खं शिवार कुटून काढलं. संध्याकाळी लोक चावडीवर जमले. एक म्हातारा घाटे हातात घेऊन नुसता बसला होता. तेवढ्यात मालक आले. टोक पुढं केलं.

"सकाळीच मारली ही. वारं फिरलं तवाच मला ठाऊक होतं."

तो म्हातारा म्हणाला, "मालक, आदी सांगितलं असतं तर जेवढा झाला तेवढा उपटून झाकला असता की."

"तू इचारलं कुठं?" मालक म्हणाले. "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मला वाटलं, आता हा म्हातारा ते घाटे ह्यांच्या तोंडावर फेकणार. कसलं काय! त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलंच आमचं." गावही धन्य होतं. ज्यानं आधी सांगितलं नाही त्याच्यावर राग धरायचा सोडून, न विचारल्याबद्दल हे आपल्याच कपाळाला हात लावत होते. दुसऱ्या दिवसापासून लोक मालकांना रस्त्यात अडवून विचारायला लागले. आणि मालकांनी तहसीलदारांना दिलेलं उत्तर मराठीत द्यायला सुरुवात केली. होईल बी, न्हाई बी. तुमचं तुमी बघा.

गाठीचं गुपित मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे मालकांच्या बायको. ठेंगण्या, चुणचुणीत, तोंडानं फटकळ. एका संध्याकाळी दिवेलागणीला मी ओसरीवर वही तपासत बसलो होतो. दिवसभर लख्ख ऊन होतं. मालक आले, उपरणं खांद्यावरून काढलं, एका ओढीत टोकाची गाठ सोडली आणि उपरणं खुंटीला अडकवलं. मी बघतच राहिलो.

ते आत गेल्यावर काकू हसल्या. "काय बघून राह्यले मास्तर? रोजचंच हाय ते. सकाळी मारायची, दिस बुडला की सोडायची. पाऊस आला तर दाखवायची."

"रोज?"

"रोज. सैल मारतेत, जल्दी सुटाया पायजे म्हणून."

मी इतका हसलो की वही खाली पडली. वर्षभर गाठी मारत राहायचं आणि त्यातल्या ज्या दिवशी आभाळ कोसळेल त्या दिवशी त्रिकालज्ञानी व्हायचं! अशानं मीसुद्धा ज्योतिषी झालो असतो, माझ्याकडं उपरणं नव्हतं एवढंच.

पण काकू हसायच्या थांबल्या. "पयले असे नव्हते हो ते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न नवं होतं. एका बाजाराच्या दिवशी सकाळी मालक नदीवरून पळत आले आणि बाजारात उभं राहून ओरडले, पाणी येतंय, पात्र सोडा. आमच्या गावचा बाजार नदीच्या पात्रात भरायचा. काठाला सपाट जागा म्हणून नव्हतीच. होता तो वरचा माळ, दगडगोट्यांचा, ना झाड ना पाणी. पात्रात वाळू सपाट, कडेनं धार वाहती, जनावरं पाणी पितात, करंजांची सावली. मालकांच्या ओरडण्यानं सगळा बाजार पाटीवाकळांसकट माळावर चढला. दिवसभर उन्हात बसला. भाज्या सुकल्या, गुळाला पाझर सुटला, आणि पाणी काही आलं नाही. डोंगरात पडलेला पाऊस वाटेतच जिरला असावा.

"मंग जे हसले लोक," काकू म्हणाल्या. "पोरं मागं लागायची, मालक पूर आला, पळा. माझ्या म्हायेरी गेल्तो तर माझा भाऊ म्हणला, दाजी, होडी आणू का? जेवण टाकून उठले ते. तवापासून आदी म्हणून कायी बोलत न्हाईत."

मला कीव यायला हवी होती. आली नाही. चारचौघं हसले म्हणून जन्मभर तोंड शिवून घ्यायचं आणि वर ज्ञानी म्हणून मिरवायचं, ह्यात कीव करण्यासारखं काय आहे? हसण्यानं कुणी मरत नाही. पाण्यानं मरतं. पण ह्यांच्या हिशेबात हसणं जड होतं.

आता त्या बाजाराचं सांगतो.

दसऱ्याच्या आधीचा बाजार. त्या दिवसाला आसपासची गावं लोटायची. बांगड्यांच्या माळा, नवं कापड, रताळी, झेंडूचे ढीग. शाळा बंद होती, कारण पोरं येणारच नव्हती. मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं. आदल्या संध्याकाळी मात्र पश्चिमेला, फार लांब, क्षितिजाच्या कडेनं विजा लवत होत्या. आवाज नव्हता.

मालक नदीवरून परत आले. रोज मोठ्यानं खाकरत यायचे, आज गुपचूप आले. पाय गुडघ्यापर्यंत ओले. देवळीतल्या मिठाकडं बघितलंसुद्धा नाही. काकू नवं लुगडं नेसून, हातात टोपली घेऊन निघाल्याच होत्या. महिनाभर त्या बांगड्यांचं बोलत होत्या.

"आज बाजाराला जाऊ नको," मालक म्हणाले.

"का म्हून?"

"डोकं ठणकून राह्यलंय माझं. चेपून दे."

"डोकं कवाबी चेपीन. बांगडीवाला वर्साचा एकदा येतो."

"न्हाई म्हणलं ना. घरीच ऱ्हा."

असं दरडावून ते कधी बोलायचे नाहीत. काकूंनी टोपली आपटली आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला. मालक ओसरीच्या कडेला बसले. उपरण्याचं टोक हातात घेतलं, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ओढून घट्ट केली. मी आरशातून हे बघितलं. रोजचीच गाठ म्हणून माझा वस्तरा थांबला नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून मेंढरांचा आवाज आला. म्हाळू धनगर. हा दरसाल दसऱ्याच्या सुमाराला आपला कळप घेऊन उतरायचा. बाजारात नर विकायचा आणि मग काही दिवस खतासाठी मालकांच्या रानात मेंढरं बसवायचा. बायको नव्हती, मूल नव्हतं. जे काय होतं ते ह्या मेंढरांतच होतं, आणि एकेकीला त्यानं नाव दिलेलं होतं. म्हाळू दारासमोर थांबला, काठीवर हनुवटी टेकली आणि हाक मारली.

"मालक, एक इचारायचं व्हतं. सकाळधरून मेंढरं बिथरल्यावाणी करून राह्यलीत. पुढं पाऊल टाकंनात. पात्रात बसवू का माळावर नेऊ? तुमी म्हणान तसं."

विचारलं होतं. गारांच्या वेळी मालक म्हणाले होते ना, विचारलं असतं तर सांगितलं असतं? घ्या. ह्या माणसानं दारात येऊन, सरळ, मराठीत विचारलं होतं. आणि उत्तर ज्याला ठाऊक होतं तो समोर बसला होता.

मालकांनी आभाळाकडं पाहिलं. मग म्हाळूच्या मागं, बाजाराला चाललेल्या माणसांकडं पाहिलं. चिक्कार माणसं होती. उपरण्याचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, "मेंढरं तुजी. तुजं तू बघ."

म्हाळूला ते बरं वाटलं. धोका असता तर मालक असं बोलले नसते, असा त्यानं अर्थ लावला आणि जीभ टाळ्याला लावून मेंढरं पात्राकडं हाकली.

पाणी दुपारी आलं. आधी मला घरात आवाज ऐकू आला, दगडी जात्यासारखा, पण थांबेचना. मी काठावर पळालो. वरच्या वळणावरून एक मातकट भिंत येत होती. तिच्या पुढ्यात फांद्या, कडब्याच्या पेंढ्या, एक अख्खं छप्पर. आणि वर ऊन, स्वच्छ ऊन! माणसं ओरडत काठ चढत होती. लेकरं खाकेत, कुणाची पाटी डोक्यावर, कुणी नुसताच. बांगडीवाल्याची माळ तुटली आणि तो थांबला, तर कुणीतरी त्याला सदऱ्याला धरून वर ओढलं. गावाच्या नशिबानं माणूस एकही गेला नाही. झेंडूचे ढीग तेवढे उचलून नेल्यासारखे गेले.

मेंढरं मात्र पळत नाहीत. घाबरली की एकमेकांत डोकी खुपसतात आणि घट्ट गोळा होऊन उभी राहतात. म्हाळू त्यांच्या मध्ये होता. काठीनं मारत होता, शिव्या देत होता, नावं घेऊन हाका मारत होता. पाणी त्यांच्यात शिरलं आणि पांढरं-काळं सगळं एकदम गेलं. म्हाळू खाली एका बाभळीला अडकला. गाड्यांचे नाडे एकाला एक बांधून लोकांनी त्याला बाहेर काढलं. काढल्यावरही तो हाकाच मारत होता.

दिवस मावळायच्या आत सगळं गाव मारुतीच्या पारावर जमलं होतं. म्हाळूच्या अंगावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. त्याच्या तळहातांत बाभळीचे काटे तसेच होते, कुणाला काढू देत नव्हता. बायका एका बाजूला उभ्या होत्या, त्यांत काकूही होत्या.

आणि मालक आले.

मला आजही पटत नाही की ते आले. घरात बसून राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. पण अंगवळणी पडलेली गोष्ट होती ती. लोक जमले होते, पाणी येऊन गेलं होतं आणि गाठ उपरण्याला होती. त्यांचा हात आपोआप पुढं आला.

"सकाळीच मारली ही," ते म्हणाले. "फेस बघितला तवाच मला ठाऊक होतं."

पाराभोवतीच्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. मालकांना वाटलं असेल, नेहमीचं कौतुक आहे. म्हाळूनं मान वर केली. त्याचा आवाज बसला होता.

"सकाळी कवा मालक? म्या यायच्या आदी का मागून?"

"आदी," मालक म्हणाले. त्यात तोरा होता, मी स्वतः ऐकला. आधी कळलं ह्याचा तोरा. तो शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना ऐकू आला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

म्हाळू ओरडला नाही. तो म्हणाला, "म्या इचारलं व्हतं."

तेवढ्यात बायकांतून काकू पुढं आल्या. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती. त्या सगळ्यांदेखत बोलल्या.

"म्हून मला जाऊ दिलं न्हाई व्हय? डोकं दुखत नव्हतं तुमचं!"

मालकांनी घाईघाईनं गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. रोजची सैल असायची, ही खरी होती. नखं लावली, दातांत धरून बघितली. मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर, एवढा मोठा जमीनदार उपरण्याचं टोक तोंडात धरून उभा होता आणि कुणी मदतीला पुढं झालं नाही.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "तशीच ऱ्हाऊ द्या ती."

गावानं त्यांना काही केलं नाही. कचेरीत तक्रार नाही, भांडण नाही. लोक रामराम घालायचे, शेतीवाडीचं बोलायचे. फक्त पावसाचं कुणी विचारायचं नाही. मालक ओसरीवर बसलेले असताना आभाळ भरून आलं तर लोक दुसऱ्या कुणाशीही बोलायचे, माझ्याशीसुद्धा, ज्याला पूर्व कुठली हे सांगायलाही उजाडावं लागतं. मालकांनी नदीवर जायचं सोडलं. देवळीतल्या मिठाचं पावसाळ्यात पाणी झालं आणि परळ तसाच राहिला. काकूंनी उपरणं धुतलं, वाळवलं आणि गाठीसकट खुंटीला अडकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल असं. दुसरं उपरणं त्यांनी आणलं नाही आणि मालकांनी मागितलं नाही. मला तेवढ्यानं समाधान झालं नाही. अख्खा कळप गेला आणि ह्यांचं काय गेलं, तर एक उपरणं.

पुढच्या साली मी अजून तिथंच होतो. दसऱ्याआधीचा बाजार आला. बाजार पुन्हा पात्रातच भरणार होता. एवढं होऊनही जागा कुणी बदलली नव्हती. सकाळी रस्त्यावर मेंढरांचा आवाज आला, पण थोडका. म्हाळू होता. भावकीतल्या लोकांनी त्याला एकेक मेंढी दिली होती. त्यांच्यात अशी रीत आहे. तो दारासमोर थांबला, काठीवर हनुवटी टेकली. मी ओसरीवर होतो आणि मालक माझ्या शेजारी. मला वाटलं, आता हा थुंकून पुढं जाईल. जावंच, असंही वाटलं.

"मालक," म्हाळू म्हणाला, "पात्रात बसवू का माळावर नेऊ?"

तेच शब्द. तोच आवाज. त्यात टोमणा आहे का म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता.

मालक उठले. अनवाणी, उघड्या अंगानं, वर्षभरात पहिल्यांदा नदीवर गेले, आणि मागोमाग मी. म्हाळू थांबला, मेंढरं थांबली. मालकांनी पाण्यात हात घातला, चोळला, वास घेतला, जिभेला लावला. मग परत आले. रस्त्यानं बाजाराला जाणारी माणसं हे सगळं बघत उभी राहिली होती.

"फेस हाय," मालक म्हणाले. "थोडाच हाय. पर हाय." आणि मग एकदम मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून, "पात्रात उतरू नका! कोणीच उतरू नका!"

म्हाळूनं मेंढरं माळाकडं वळवली. त्याच्या मागं एक भाजीवाली वळली, मग आणखी कुणी. होता होता सगळा बाजार माळावर चढला. उन्हाचा तडाखा होता. दगडगोट्यांवर पटकुरं अंथरून लोक बसले. मेथी माना टाकू लागली. मालक घरात गेले आणि कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसले. काकूंनी ताट वाढलं ते तसंच राहिलं. मी अधूनमधून काठावर जाऊन बघत होतो. नदी आपली कडेनं वाहत होती, पोटरीभर. फेससुद्धा निघून गेला. पाणी आलं नाही.

मला काय वाटलं ते सांगून टाकतो. मला आनंद झाला. आता ह्या माणसाला पुन्हा सगळा बाजार हसणार, आणि ह्या वेळी मी ते डोळ्यांनी बघणार.

उन्हं कलली आणि बाजार परतू लागला. काकूंनी मालकांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि ओसरीवर आणून उभं केलं. "लपू नका," एवढंच म्हणाल्या. मालकांनी खांब धरला. मान खाली. पहिला म्हाळूच आला, मेंढरं पुढं घालून.

"आलं न्हाई पाणी," मालक पुटपुटले.

"न्हाई आलं," म्हाळू म्हणाला. त्यानं मेंढरांवरून नजर फिरवली. सगळी होती. "लई बेस झालं की मालक. फुडल्या बाजारी बी इचारीन."

तो गेला. त्याच्या मागून भाजीवाली गेली, सुकलेली मेथी आमच्या बैलांपुढं टाकून. मग बांगडीवाला, मग कापडवाला, मग लेकरं कडेवर घेतलेल्या बायका. मालक खांबाला धरून उभेच होते. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. ज्या हसण्याला भिऊन त्यांनी अख्खा कळप पाण्यात जाऊ दिला, त्या हसण्याची वाट बघत होते.

अंधार पडेपर्यंत सगळा बाजार त्या रस्त्यानं घरी गेला. कुणी हसलं नाही.